इल्पोच्या बंदुकीची राखाडी खोळ

१

ओस्मो कार्पिनेन मेला तो त्याच्या जावयाच्या गोळीनं, हे हाउकीसालो गावात कुणी नाकारत नव्हतं. खुद्द जावईही नाही. प्रश्न एवढाच होता, की ती गोळी तिकडे गेलीच कशी.

मूसच्या, म्हणजे घोड्याएवढ्या रानहरणाच्या, शिकारीचा मोसम नुकताच उघडला होता. शिकारी टोळीतली माणसं दलदलीच्या कडेनं आपापल्या बैठकीवर बसली होती आणि ओस्मो आपल्या हाल्ला नावाच्या करड्या कुत्रीला घेऊन समोरच्या जंगलातून हाकारा करत येत होता. प्रत्येक बैठकीपुढे दोन लाल काठ्या रोवलेल्या असतात. गोळी झाडायची ती त्या दोन काठ्यांच्या मधेच, मग बाहेरून मूस जावो नाहीतर सैतान जावो. इथली पोरं हे अक्षरं गिरवायच्या आधी शिकतात. इल्पोनं एकच गोळी झाडली. मूस निसटला, आणि डाव्या काठीच्या बऱ्याच पलीकडे झाडांआड ओस्मो खाली बसला तो पुन्हा उठला नाही. माणसं पोचेपर्यंत हाल्ला त्याच्या छातीवर पाय ठेवून उभी होती आणि कुणाला जवळ येऊ देत नव्हती.

शहरातून एक अधिकारी आला. त्यानं काठ्या पाहिल्या, माणसांना विचारलं आणि निष्काळजीपणानं केलेला मनुष्यवध असं ठरवून निघून गेला. तसा तो वाईट माणूस नव्हता, पण त्याला अशी आणखी दहा लचांडं होती. मागे राहिली गावची पोलीस, हेल्वी. नोकरीची शेवटची वर्षं, गुडघे गेलेले, ठाण्यात एकटी. इल्पोची बंदूक शहरात पाठवेपर्यंत कपाटात सांभाळून ठेव, एवढंच काम तिच्याकडे होतं. त्यात ती काइसाची धर्मआई, बाप्तिस्म्याच्या वेळी तिला हातात घेतलेली. काइसा म्हणजे ओस्मोची मुलगी आणि इल्पोची बायको. म्हणजे या प्रकरणात हेल्वीनं नाक खुपसू नये, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

पण बंदूक हातात आली की तिचं तोंड बघायचं, ही तिची तरुणपणापासूनची खोड. गुडघे धड होते तोवर तीही दर मोसमात शिकारीला जायची. तिनं इल्पोची बंदूक खिडकीशी नेली आणि नळीचं तोंड उजेडात धरलं. तिथे सायलेन्सर फिरवून बसवायचे आटे पाडलेले होते. सायलेन्सर मात्र नव्हता.

तिनं इल्पोला बोलावून घेतलं. तो आला, खुर्चीच्या अगदी कडेवर बसला. बिचाऱ्याचे गाल आत गेले होते.

"सायलेन्सर कुठाय रे?"

"दलदलीत पडला."

"आपण होऊन? आटे सोडून?"

इल्पोनं हातातली टोपी चुरगाळली.

"इल्पो, मी तुम्हाला विचारतेय," ती जरा आवाज चढवून म्हणाली.

"मला अहोजाहो नको करूस, हेल्वी," तो हळूच म्हणाला. "त्या शहरातल्या माणसानं केलं तेवढं पुरे झालं. हो, चुकलो मी. काठीबाहेर झाडली. तू तेवढंच लिही ना."

हेल्वीनं त्याला जाऊ दिलं. मग ती पुन्हा त्या आट्यांकडे बघत बसली. तोंडाकडचे तीनचार आटे घासून लख्ख झालेले. त्यामागचे सगळे पिवळ्या ग्रीसनं भरलेले, जसेच्या तसे. शिकारीच्या आदल्या संध्याकाळी आट्यांना ग्रीस लावतात, आणि सायलेन्सर शेवटपर्यंत फिरवला की ते ग्रीस सगळीकडून पुसलं जातं. म्हणजे त्या सकाळी या नळीवर सायलेन्सर अर्धवटच बसला होता. आणि वीस वर्षं शिकार करणारा इल्पो असला अर्धवट सायलेन्सर लावून मूसवर गोळी झाडेल, हे हेल्वीच्या काही केल्या गळी उतरेना.

२

टोळीचा म्होरक्या तौनो. सत्तरी उलटलेला, आवाज असा की कुजबुजला तरी तळ्यापलीकडे ऐकू जावा. तो टोळीच्या लाकडी घरात मूसच्या हाडांचं सार ढवळत होता. अपघातानंतर टोळीची शिकार बंद होती, तरी सार ढवळायला त्याला आवडायचं.

"ये, बस. मला पकडायला आलीस की जेवायला?"

"दोन्ही जमेल."

"त्या इल्पोनं माझी टोळी बुडवली बघ," तो वाटी भरत म्हणाला. "काठ्या मी स्वतः रोवल्या होत्या. स्वतः. आता लोक म्हणतात, म्हातारा आंधळा झालाय, काठ्या वाकड्या लावल्या. ओस्मोबरोबर माझं भांडण होतं, तेही उकरून काढतायत."

"कसलं भांडण?"

"त्याला म्होरक्या व्हायचं होतं की. मी म्हटलं, मी मेलो की हो. आता तोच गेला." तौनोनं पळी खाली ठेवली. नाक पुसलं. "भांडायचो गं आम्ही. पण चाळीस वर्षं एकाच सौनाच्या वाफेत बसलोय."

हेल्वीनं सार संपवलं. चुलीवरच्या फळीकडे तिची नजर गेली. लांबच लांब रुंद फळी, उबेनं काळी पडलेली.

"आदल्या दिवशी पाऊस होता ना?"

"दिवसभर. म्हणून तर रात्री इथे मुक्कामाला आल्यावर सगळे सायलेन्सर या फळीवर उभे करून वाळत घातले. ओले नळीवर ठेवले तर रात्रीत गंज धरतो, तुला काय सांगायचं. खोळीही काढल्या. त्या तिकडे दोरीवर."

खोळ म्हणजे सायलेन्सरवर चढवायची लोकरीची पिशवी. गोळी झाडली की धातू तापतो, त्याची वाफ डोळ्यांपुढे येऊ नये म्हणून. या टोळीत सगळ्यांच्या खोळी काइसानं विणल्या होत्या. ज्याचा त्याचा रंग ठरलेला: तौनोची निळी, काइसाची लाल, इल्पोची राखाडी.

"सकाळी पुन्हा कुणी चढवल्या?"

"काइसानंच. दरवेळी तीच चढवते, आणि ज्याचा सायलेन्सर त्याच्या हातात देते. पोर गुणी आहे." तौनोनं चुलीत एक लाकूड सारलं. "आणि तू मला ते सायलेन्सर हरवल्याचं विचारणार असशील, तर सांगतो. इल्पोच्या बंदुकीवर त्या सकाळी त्याचाच सायलेन्सर होता. राखाडी खोळ मी या डोळ्यांनी बघितली. सगळ्यांनी बघितली. तो ट्रकमधून उतरला तेव्हा खोळ होती, आणि आम्ही ओस्मोपाशी धावलो तेव्हाही होती."

"धावलात तेव्हाही?"

"होती म्हणतो ना."

म्हणजे सायलेन्सर दलदलीत पडला तो गोळी सुटताना नव्हे. ओस्मो मेल्यानंतर केव्हातरी. आणि तो पडला नव्हता, काढला होता.

३

इल्पोच्या उजव्या हाताच्या बैठकीवर सेप्पो होता. सेप्पोचं आणि ओस्मोचं तर उभं वैर. ओस्मोच्या आधीच्या कुत्र्यानं सेप्पोची मेंढी फाडली होती, आणि सेप्पोनं ते कुत्रं गोळी घालून मारलं होतं. त्यानंतर दोघं एका टोळीत शिकार करायचे, एका ताटातलं मटण वाटून घ्यायचे आणि एकमेकांशी एक शब्द बोलायचे नाहीत. गावाचा संशय असा, की इल्पोच्या आधी सेप्पोनंच काहीतरी केलं असणार. बंदुकीत बिघाड करून ठेवणं त्याला सहज जमतं, म्हणे.

सेप्पो नौका उलटी करून डांबर लावत होता. हेल्वीला बघून त्यानं ब्रश थांबवला नाही.

"माझी बंदूक तपासली शहरवाल्यानं. झाडलेलीच नाही. अजून काय पाहिजे?"

"तू काय ऐकलंस, ते पाहिजे."

"गोळीचा आवाज ऐकला. सगळ्यांनी ऐकला."

"कसा होता?"

आता मात्र ब्रश थांबला. "हे कुणी विचारलं नाही मला," सेप्पो म्हणाला. "वाईट होता. सायलेन्सर लावलेली बंदूक दबकं बोलते. हा आवाज फुटका आला. पत्र्याचा डबा चिरडावा तसा. मी मनात म्हटलं, याचा सायलेन्सर गेला."

"मग हे सांगितलं का नाहीस?"

"मी ओस्मोचा वैरी ना गं. मी तोंड उघडलं असतं तर म्हणाले असते, बघा, जावयाला वाचवतोय, म्हणजे यानंच काहीतरी केलंय." तो कडवट हसला. "वैऱ्यानं गप्प बसावं, तेच बरं."

गोळीबद्दल हेल्वीनं शहरवाल्याकडून ऐकलं होतं. ओस्मोच्या अंगात गेली ती अख्खी गोळी नव्हतीच, अर्धा तुकडा होता. वाटेत झाडावर आपटून फुटली असणार, असं ठरलं. पण हेल्वी परवा दुखऱ्या गुडघ्यांनी इल्पोच्या बैठकीपासून ओस्मोपर्यंतच्या झाडांतून फिरली होती, एकेका खोडाला हात लावून. एकाही खोडावर ताजी जखम नव्हती.

"आणखी एक," सेप्पो म्हणाला. "रुग्णवाहिकेची वाट बघत आम्ही सगळे ओस्मोभोवती उभे होतो. काइसा जमिनीवर बसलेली. तेव्हा इल्पो बंदूक घेऊन दलदलीतल्या काळ्या डबक्याकडे गेला. मला वाटलं, ओकायला गेला असेल. परत आला तेव्हा त्याच्याकडे बघवत नव्हतं. आणि बंदुकीचं तोंड उघडं."

"तू ते बघितलंस?"

"बघितलं. विचारलं नाही. कसं विचारणार?" त्यानं ब्रश डब्यात बुडवला. "तो दिवसच उलटा होता, हेल्वी. काइसा माझ्या पलीकडच्या बैठकीवर होती. हाकाऱ्याच्या सुरुवातीला तिच्यापुढे मूसचं वासरू आडवं उभं राहिलं, शांत. आणि ती चुकली. काइसा. मी तिला आजवर चुकताना पाहिलं नव्हतं."

हेल्वी गाडीत जाऊन बसली, पण तिला किल्ली फिरवायचं भान राहिलं नाही. आरोपी माणूस पुरावा लपवतो, तो स्वतःवर बेतणारा असतो म्हणून. इथे सायलेन्सर आतून फाटला असेल, तर तोच इल्पोला वाचवणार होता. गोळी सरळ झाडली होती, ती तोंडाशी फुटून तुकडा डावीकडे गेला, हे त्यातूनच सिद्ध झालं असतं. मग आपल्याला वाचवणारी एकुलती एक वस्तू या गाढवानं डबक्यात का फेकावी?

४

काइसा आता आईकडे राहत होती. दफनाच्या दिवशीच ती नवऱ्याच्या घरातून बाहेर पडली, कपडे आणि आपली बंदूक घेऊन. तिची आई इर्मा मोजकं बोलणारी बाई; नवरा गेल्यापासून तेवढंही बोलत नव्हती. तिनं हेल्वीसमोर वेलचीचा पाव ठेवला आणि ती पुन्हा खिडकीशी जाऊन बसली.

"मावशी, तू त्याच्यासाठी आली असशील तर आत्ताच सांगते," काइसा म्हणाली. "मला त्याचं नाव ऐकायचं नाही. मी त्याला तोंडावर खुनी म्हटलंय. पाद्रीसाहेबांसमोर. त्यानं मान खाली घातली फक्त. एकदाही म्हणाला नाही, की मी नाही केलं. एकदा म्हणाला असता ना, तरी..."

ती थांबली. हेल्वीनं तिचा हात धरला. पोरगी लहानपणी खोटं बोलली की तिचा हात गरम व्हायचा. आता तो बर्फ झालेला होता.

"काल आला होता इथे," काइसा पुढे म्हणाली. "दारात उभा. मला वाटलं, माफी मागेल. तर म्हणतो कसा, तुझी बंदूक दे, साफ करून आणतो. डोकं फिरलंय का त्याचं? मी म्हटलं, माझ्या बंदुकीला हात लावलास तर कुत्री सोडीन अंगावर. हाल्लानं शेपटी हलवली, तर मी तिलाही ओरडले."

"बंदूक? साफ करायला?"

"तेच तर. बाबा गेल्यापासून मी तिला हात लावलेला नाही. त्या दिवशी आणली तशी कोपऱ्यात उभी आहे. नकोच वाटतं. मावशी, मी त्या दिवशी चुकले, माहीत आहे? उभं वासरू. मी ते मारलं असतं तर हाकारा तिथेच थांबला असता. बाबा पुढे आलेच नसते."

"असा विचार करू नये, बाळ."

"मग कसा करू? तू सांग."

हेल्वीनं कॉफी मागितली, आणि काइसा स्वयंपाकघरात गेली.

बंदूक कोपऱ्यात, लाल खोळ घातलेली. हेल्वीनं ती आडवी घेतली. हा सायलेन्सर नळीच्या तोंडाला फिरवून बसतो आणि मागे वीतभर नळीवर सरकून राहतो. त्याच्या मागच्या टोकाला एक कडी असते, ती नळीच्या जाडीला नेमकी मापून केलेली असते, कागद जाणार नाही इतकी. इथे कडीत आणि नळीत करंगळीचं नख जाईल एवढी फट होती. फटीत स्प्रूसच्या झाडाची सुईसारखी पानं अडकली होती. मागून असा मोकळा सायलेन्सर असला की गोळी निशाण सोडते. पोरगी चुकली त्यात नवल काहीच नव्हतं.

हेल्वीनं लाल खोळ मागे ओढली. धातूवर कोरलेला गोळीच्या मापाचा आकडा होता तीनशे आठ.

काइसाची बंदूक साडेसहाची. बारीक गोळी, लांब सडपातळ नळी. तीनशे आठ इल्पोची.

हेल्वीनं खोळ घाईघाईनं पुन्हा चढवली. काइसा कप घेऊन आली, तेव्हा मावशी जाग्यावर बसलेली होती आणि पाव कुस्करत होती. खिडकीशी बसलेली इर्मा मात्र सगळं बघत होती.

५

इल्पो घरामागे लाकडं फोडत होता. तीन हिवाळे पुरतील एवढी फोडून झाली होती.

"कुऱ्हाड ठेव," हेल्वी म्हणाली. "मी बोलते, तू ऐक. चुकलं तर सांग."

त्यानं कुऱ्हाड ठेवली.

"तुम्ही दोघांनी लग्नानंतर सायलेन्सर घेतले. एकाच बनावटीचे, बाहेरून हुबेहूब. कारागिरानं दोन्ही नळ्यांना एकाच मापाचे आटे पाडले. पण सायलेन्सर आतून वेगळे. तुझी गोळी जाड, म्हणून तुझ्याचं भोक मोठं. आणि सायलेन्सरनं बंदूक लांब होते, फांद्यांत अडकते, म्हणून तू तुझी नळी कापून आखूड केलीस. नळी मागे जाड होत जाते. कापली की जाड भाग तोंडाजवळ येतो. म्हणून तुझ्या सायलेन्सरची कडीही रुंद. काइसाचं सगळं बारीक. इथवर बरोबर?"

इल्पो फोडलेल्या लाकडावर बसला.

"त्या सकाळी फळीवर सगळे सायलेन्सर उघडे उभे होते. आत अंधार, बाहेर ट्रक सुरू. खोळी चढवताना अदलाबदल झाली. राखाडी खोळ तिच्या सायलेन्सरवर, लाल तुझ्या. तुमच्या टोळीत कुणी आकडा वाचत नाही, सगळे रंग बघतात. तू तुझा रंग घेतलास आणि फिरवलास. तीनचार आट्यांवर तिची बारीक कडी तुझ्या जाड नळीवर जाऊन अडली."

"घट्ट लागला," इल्पो म्हणाला. "मला वाटलं, बसला. हातमोजे होते. थंडी होती. मी म्हटलं, बसला."

"तिरका बसला होता. आतलं भोक आधीच तुझ्या गोळीला अपुरं. तू मूसवरच झाडलीस ना?"

"काठ्यांच्या मधे. अगदी मधे, हेल्वी."

"गोळी आतल्या चकत्यांना घासत गेली, तोंडाशी फुटली आणि तुकडा डावीकडे."

इल्पोनं बुटानं एक ढलपी बाजूला सारली. "आधी ओस्मोकडे धावलो," तो म्हणाला. "त्यानं माझ्याकडे बघितलं. ओळखलं त्यानं मला. मग गेला. नंतर माझं लक्ष बंदुकीकडे गेलं, तर सायलेन्सरचं तोंड फाटलेलं. डबक्यापाशी जाऊन खोळ काढली. साडेसहा. एवढंच वाचलं मी. आणि समोर ती बापाचं डोकं मांडीवर घेऊन बसलेली."

"म्हणून फेकलास."

"खोळी तीच चढवते. सगळ्या गावाला माहीत आहे." त्यानं चेहरा दोन्ही हातांनी पुसला. "ती मला शिव्या देते ना, देऊ दे. माझा राग करून ती जगेल. हे कळलं तर कुणाचा राग करेल? हेल्वी, मला आत घाल. मी कबूल केलंय, सगळे समाधानी आहेत, तो शहरवाला पण. माझा सायलेन्सर तिच्या बंदुकीवर राहिलाय, तेवढा फक्त काढून आण. तू तिची धर्मआई आहेस."

हेल्वीला त्याला थोबाडावं वाटलं आणि पोटाशी धरावंही वाटलं. तिनं दोन्हीतलं काही केलं नाही. खरं सांगायचं तर तिला काय करावं तेच कळत नव्हतं. इल्पोला निर्दोष ठरवायचं, तर एका मुलीला सांगावं लागणार होतं की बापाचा जीव तुझ्या हातून गेला. गप्प बसायचं, तर तिनं निरपराध माणसाला आपल्या हातानं तुरुंगात ढकलायचं. आजवरच्या नोकरीत तिनं चोर धरले, दारुडे घरी पोचवले, बुडालेली माणसं तळ्यातून काढली. हे असलं काही तिच्या वाट्याला आलं नव्हतं.

"गाडीत बस," ती शेवटी म्हणाली. "बंदूक आणू आपण. मग बघू."

बघू म्हणजे काय, हे त्यानं विचारलं नाही, ते बरंच झालं.

६

इल्पोला गाडीत ठेवून हेल्वी एकटीच आत गेली. काय बोलायचं ते तिनं रस्त्यात ठरवलं होतं: शहरवाल्यांनी सगळ्यांच्या बंदुका मागवल्यात, नेहमीचंच काम, सही कर. चांगलं खोटं होतं. पटण्यासारखं.

टेबलावर बंदूक आडवी होती. सायलेन्सर काढून वेगळा ठेवलेला, खोळ बाजूला. काइसा त्याच्यासमोर बसलेली होती, हात मांडीवर.

"खोळ तू उलटी चढवलीस, मावशी," ती म्हणाली. "शिवण वर आली होती. मी विणलेली आहे ती, मला कळणारच ना."

हेल्वीनं ठरवलेलं खोटं आठवायचा प्रयत्न केला. मग सहीचा कागद तसाच खिशात घातला.

"हा इल्पोचा आहे," काइसा म्हणाली. "मग माझा कुठे होता?"

"काइसा, ऐक..."

"तुझ्या बाबांनी केलं ते," खिडकीशी बसलेली इर्मा म्हणाली. कित्येक दिवसांत तिचं हे पहिलं पूर्ण वाक्य. "खोळी त्यांनीच चढवल्या त्या सकाळी. मला आदल्या रात्री फोनवर म्हणाले होते, की उद्या पोरीला जरा झोपू देतो, मी करतो सगळं. त्यांच्याच हातून झालं. हो ना, हेल्वी?"

खोलीत तिघीच होत्या. इर्मा हेल्वीकडे बघत होती, आणि त्या बघण्यात इतकी विनवणी होती, की हेल्वीनं मान हलवली. पोलिसातली नोकरी, शपथ, सगळं गेलं चुलीत. तिनं मान हलवली आणि म्हणालीही, "हो. तसंच झालं असणार."

काइसानं आईकडे बघितलं, मग मावशीकडे. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. लहान मुलाला समजावताना मोठी माणसं बघतात, तशी ती दोघींकडे बघत होती.

"आई, बाबा चुलीपाशी उभे होते. कॉफी उतू गेली म्हणून स्वतःलाच शिव्या घालत होते. त्यांची नक्कल करत तौनोला दाखवत होते मी. हसत होते. हसता हसता खोळी चढवल्या." ती थांबली. "मी बघितलंच नाही आकड्याकडे. कधीच बघत नाही. मला पाठ आहेत असं वाटायचं."

इर्मानं तोंड खिडकीकडे वळवलं.

"त्याला माहीत होतं?" काइसानं विचारलं.

"हो," हेल्वी म्हणाली.

"पहिल्या दिवसापासून?"

"पहिल्या क्षणापासून."

काइसा उठली. तिनं खुंटीवरचा कोट घेतला, पण तिला बाही सापडेना, तेव्हा हेल्वीनं ती धरली. दोघी बाहेर आल्या. हाल्ला गाडीच्या दाराशी जाऊन उभी होती. आत इल्पोनं काइसाचा चेहरा बघितला आणि डोळे मिटून घेतले.

काइसा मागच्या सीटवर बसली, त्याच्या मागे. हेल्वी स्टिअरिंगमागे बसली.

"तू का सांगितलंस तिला?" इल्पोनं हेल्वीला विचारलं.

"मी नाही सांगितलं. मी खोटं बोलले. जमलं नाही."

"मी तुला खुनी म्हटलं," काइसा मागून म्हणाली.

"असू दे."

"सगळ्यांसमोर."

"असू दे म्हणतो ना, काइसा."

"कसं असू दे?" ती रडत नव्हती, आणि तेच फार वाईट होतं. "मावशी, त्यानं पुरावा फेकला, त्याचंही काही होईल ना?"

"होईल."

"आणि माझं?"

हेल्वीला माहीत नव्हतं. शहरातला अधिकारी ठरवेल, मग न्यायाधीश ठरवतील. कदाचित म्हणतील, अपघात होता, जा घरी. त्यानं काही फरक पडणार नव्हता. एका माणसाला सोडवायला ती निघाली होती, आणि आता गाडीत दोघं होते, आणि दोघांपैकी कुणीही तिला, मला सोडव, असं म्हणत नव्हतं.

"चल ना, मावशी," काइसा म्हणाली. "जे काय लिहायचं ते लिहून टाकू."

हेल्वीनं गाडी सुरू केली, कारण दुसरं काही करण्यासारखं राहिलं नव्हतं.